ओल पायथ्याशी, धोका सांडव्यावर: गावच्या सरकारी तलावाविषयी

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या शिवेवरचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला सत्तरच्या दशकातला सरकारी तलाव, मातीचा बांध, उंची तीस फुटांच्या आसपास. बांधाच्या कोरड्या बाजूला, मोरीपासून (बांधाखालून पाणी सोडायच्या नळीपासून) थोड्या अंतरावर, पायथ्याशी बारमाही ओल असते आणि यंदा तिथलं गवत जास्तच हिरवं दिसतंय. बांधावर बाभळी आणि एक जुना पिंपळ आहे. उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून वेस्टवेअरवर, म्हणजे जादा पाणी जाण्याच्या सांडव्यावर, वाळूच्या पोत्यांचे थर रचलेत, त्यामुळे दीड फूट पाणी जास्त थांबतं. धाकट्या भावाला तलावाच्या खाली, नाल्याकाठच्या तुकड्यात घर बांधायचंय. तलाव सुरक्षित आहे का, ओल बंद कशी करायची, धरण सुरक्षा कायदा याला लागू होतो का, आणि घर बांधावं का?

ओलीबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय. पोत्यांबद्दल एकच ओळ, तीही कौतुकाने. माझी नोकरी या पट्ट्यातल्या लहान तलावांवरच गेली, त्यामुळे स्पष्टच सांगतो: मला घोर लागला तो त्या एका ओळीचा. ओल तपासायला आपल्याला बहुधा काही आठवडे मिळतील. पोत्यांना पावसाची एक रात्र पुरते.

मातीच्या धरणाला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती म्हणजे माथ्यावरून पाणी जाणं. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून फूटभर पाणी गेलं तर ती बहुधा उभी राहते. मातीच्या बांधावरून तेवढंच पाणी काही वेळ वाहिलं की कोरडा उतार पायथ्याकडून खचत वर येतो आणि माथा तुटतो. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा जीव. तुमच्या सांडव्याला दारं नाहीत, नुसती भिंत आहे, हे भाग्य समजा. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाचं १९ नंबरचं दार साखळी तुटून वाहून गेलं, तेव्हा सगळ्या राज्याचा श्वास अडकला होता. बिनदाराच्या सांडव्याला साखळी नसते, वीज लागत नाही, रात्री दोन वाजता कोणी जागं असावं लागत नाही. पाणी भिंतीच्या वर आलं की आपोआप जातं. पोती रचून हाच गुण आपण घालवतो.

आता हिशेब. समजा, सांडव्याची भिंत २० मीटर लांब आहे आणि पुरात तिच्यावरून एक मीटर उंचीचं पाणी जाईल असं धरलेलं आहे. रुंद माथ्याच्या भिंतीसाठी नेहमीचं सूत्र असं: लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडवा घात, गुणिले १.७. म्हणजे सेकंदाला ३४ घनमीटर, सुमारे १२०० क्युसेक (सेकंदाला घनफूट). पोत्यांनी भिंत अर्धा मीटर उंच झाली आणि तलावाची कमाल पातळी तीच ठेवायची म्हटली, तर पोत्यांवरून अर्धा मीटरच पाणी जाऊ शकतं. तेव्हा विसर्ग निम्मा होतो असं लोकांना वाटतं. तो निम्मा होत नाही, १२ घनमीटरवर येतो. म्हणजे दीड फुटाच्या पोत्यांनी सांडव्याची ताकद जवळपास एक तृतीयांशावर आणली.

३४ घनमीटर येतील कुठून, असं वाटत असेल तर पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी तलावात येतं तो भाग, बघा. पाणलोट ५ चौरस किलोमीटर धरा, तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून तलावात आलं, तर तासाला सव्वा लाख घनमीटर होतात. सेकंदाला भागा, साधारण ३५ येतात. आणि तासाला ५० मिलिमीटर हा आपल्याकडे ऐकलाच नाही असा पाऊस नव्हे. जुन्या मुंबई इलाख्यात सह्याद्रीच्या पाणलोटांसाठी इंग्लिस साहेबांचं सूत्र वापरत. ते ५ चौरस किलोमीटरला दीडशेहून जास्त घनमीटर देतं. ते सूत्र घाटमाथ्याच्या तीव्र उताराचं, तुमचा पाणलोट तेवढा उग्र नसेल. पण दान करून टाकावी इतकी जास्तीची क्षमता कुठल्याच लहान तलावाच्या सांडव्यात नसते, एवढं त्यावरून कळावं.

"पण माथा तर अजून पाच-सहा फूट वर आहे," असं उत्तर मला हमखास मिळतं. कमाल पातळी आणि माथा यांच्यातली ती जागा रिकामी पडलेली नाही. तिच्यात वाऱ्याच्या लाटा आहेत, पन्नास वर्षांत भराव दबून खाली बसलाय ते आहे, आणि माथ्यावरून उसाचे ट्रॅक्टर जाऊन पडलेल्या चाकोऱ्या आहेत. पाणी माथ्याची सरासरी उंची बघत नाही, सगळ्यात खोल चाकोरी शोधतं. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, सांडव्याच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि दर दहा-पंधरा मीटरवर माथा किती उंच आहे ते वहीत लिहा. एक सकाळ पुरेल. बांध मध्यभागी, जुन्या नाल्याच्या पात्रावर, बाकीच्यापेक्षा खाली गेलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका. भराव तिथं सगळ्यात उंच, म्हणून दबतोही तिथंच जास्त. ती जागा मुरूम घालून, पाणी मारून, रोलर फिरवून पूर्ववत करणं हे खात्याच्या नेहमीच्या देखभालीतलं काम आहे. लेखी मागा.

काही जण म्हणतात, मोठा पूर आला की पोती आपोआप वाहून जातील. जातीलही. पण कधी जातील हे तुमच्या हातात नाही, आणि गेली तर सगळी एकदम जाऊन खाली नाल्यात लोंढा जाईल. बहुतेक वेळा ती जातही नाहीत: त्यांना फांद्या अडकतात, जलपर्णी अडकते, प्लास्टिक अडकतं. तसंच मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मासेमारीचा ठेका घेतलेले लोक सांडव्यावर जाळी लावतात. पहिल्या पुरात ती पालापाचोळ्याने भरते आणि तिची भिंत होते. पावसाळ्याआधी पोती आणि जाळी दोन्ही निघाली पाहिजेत, यात तडजोड नाही.

मग उन्हाळ्याचं पाणी? त्याची सोय वर नाही, खाली आहे. पन्नास वर्षांत तलावात गाळ बसलाय, तो काढा. इथं आपल्या भागातली एक खोड सांगायला हवी. बेळगाव-खानापूरकडे वीटभट्ट्या भरपूर, त्यांना माती हवी असते, आणि ट्रॅक्टरवाल्याला बांधाच्या अगदी पायथ्याशी खणणं सोयीचं पडतं, कारण रस्ता बांधावरूनच असतो. पाण्याच्या बाजूच्या पायथ्याशी बसलेला बारीक गाळ हा पाझर अडवणारा फुकटचा थर आहे. तो खरवडला की पाण्याला बांधाखालून जायला दार उघडून दिल्यासारखं होतं. गाळ काढायचा तो आत, तलावाच्या पोटातून. पायथ्यापासून बांधाच्या उंचीच्या दोन-तीन पट अंतर सोडून. तुमच्याकडे गेल्या दोन-चार वर्षांत असा गाळ नेलाय का? नेला असेल तर यंदाचं हिरवं गवत मला जास्त महत्त्वाचं वाटेल.

आता त्या ओलीकडे वळू.

मातीचं धरण पाझरतंच. माठ पाझरतो म्हणून कोणी तो फेकून देत नाही. बांधाच्या आत पाण्याची एक तिरपी रेषा असते, ती पाण्याच्या बाजूकडून उतरत कोरड्या बाजूच्या पायथ्याकडे येते. चांगल्या बांधात ती पायथ्याच्या दगडी राशीत उतरते आणि पाणी चरातून निघून जातं. ती रेषा उतारावरच बाहेर पडली तर तिथं ओल येते, माती मऊ होते आणि उतार घसरू शकतो. तेव्हा "गळती आहे का" या प्रश्नाचं उत्तर नेहमीच "आहे" असतं. खरे प्रश्न तीन: पाणी कुठून बाहेर येतंय, ते निवळ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तीच असताना ते वाढतंय का.

पहिल्यापासून सुरुवात करू. पायथ्याशी, जमिनीलगत ओल असणं हे उतारावर मध्येच ओल असण्यापेक्षा बरं. पण तुमची ओल मोरीजवळ आहे, ते मला खटकतं. बांधातून आरपार गेलेली नळी ही मातीच्या धरणातली सगळ्यात नाजूक जागा. तिच्या बुडाशी आणि बगलांना माती नीट दाबता येत नाही, रोलर तिथं पोचत नाही. जुने ह्यूम पाइप (काँक्रीटच्या नळ्या) असतील तर सांधे सुटतात. पाणी नळीच्या बाहेरच्या अंगाने वाट काढतं आणि जाताना मातीचे कण घेऊन जातं. पोकळी कोरड्या बाजूकडून आत, पाण्याच्या दिशेने वाढत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं, तेही विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या, नळीवरचा भराव खचत जाऊन माथा पाण्याखाली आला म्हणून. अगदी अलीकडचं आणि जवळचं उदाहरण भुदरगड तालुक्यातल्या मेघोलीचं: तो तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला, एका महिलेचा जीव गेला. गळतीच्या तक्रारी लोक आधीपासून करत होते. भुदरगडहून येणारी वेदगंगाच पुढे निपाणीकडे येते, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांनी ती बातमी परक्या मुलखातली म्हणून वाचू नये.

चाचणी सोपी आहे. मोरीची चावी पूर्ण बंद करून काही दिवस ओल बघा, मग उघडून बघा. चावी बंद असतानाही मोरीच्या तोंडातून पाणी येत असेल तर ते चावीतून झिरपतंय किंवा सांध्यांतून. तोंड कोरडं आणि शेजारची जमीन ओली असेल तर पाणी नळीच्या बाहेरून येतंय असं धरून चाला आणि लगेच लेखी कळवा. शेजारच्या शेतात उसाला पाणी सुरू आहे का, कालव्याचा फाटा तिथून जातो का, हेही बघा. उन्हाळ्यात तलाव खाली गेल्यावर ओल आटते का? आटत असेल तर ती तलावाची. आटत नसेल तर जुन्या झऱ्याची असू शकते. नाल्याच्या पात्रात बांध घातला की असे झरे बांधाखाली दबतात, पण संपत नाहीत.

दुसरं, रंग. काचेच्या बाटलीत पाणी भरा, तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर तो धोक्याचा निरोप आहे, मग पाणी कितीही कमी असो. मी करंगळीएवढ्या गढूळ धारेला मनगटाएवढ्या निवळ धारेपेक्षा जास्त घाबरतो.

तिसरं, मोजमाप. ओलीचं पाणी एका चरात गोळा करा आणि चराच्या तोंडाशी पत्र्यात काटकोनी व्ही कापून बसवा. व्हीच्या टोकापासून पाणी ५ सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपट, म्हणून अंदाजपंचे नको, पट्टी लावून मोजा. पत्रा जमत नसेल तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ चालतं. आठवड्याला एकदा तारीख, तलावाची पातळी, गळती, रंग आणि त्या आठवड्यातला पाऊस वहीत लिहा. पातळी वाढली आणि गळती वाढली, यात विशेष काही नाही. पातळी तीच आणि गळती वाढली, हे मात्र अभियंत्याला बोलावण्याचं कारण. अशी वर्षभराची वही घेऊन गेलेल्या माणसाला कुठल्याही कार्यालयात "बघू" म्हणून वाटेला लावणं अवघड जातं. हिरव्या गवताचा फोटो मात्र वाटेला लागतो.

"ओल बंद कशी करायची" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कोरड्या बाजूने बंद करायचीच नाही. तिथं काळी माती थापणं, सिमेंट ओतणं, फरशी घालणं हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पाण्याचं तोंड दाबलं की ते आत साठतं, दाब वाढतो आणि कुठेतरी दुसरीकडून जास्त जोराने बाहेर पडतं. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. त्यासाठी उलटी गाळणी: ओलीवर आधी स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. पाणी गाळून बाहेर येतं, कण आत राहतात, आणि वरच्या वजनाने पायथाही दाबून बसतो. पाण्याच्या बाजूने गळतीचं मूळ शोधणं, ग्राउटिंग करणं (भोकांत दाबाने सिमेंट भरणं), नळी बदलणं ही खात्याची कामं आहेत. गावाने त्यात हात घालू नये.

माती कसली आहे हेही या सगळ्यात मोजायला हवं, आणि आपला जिल्हा यात मोठा विचित्र आहे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस, अथणीकडे पाचशे-सहाशेच्या घरात. पश्चिमेला जांभा दगड आणि लाल माती. चिकोडी, निपाणी, अथणीकडे काळी. एकाच खात्याच्या एकाच नकाशावरून बांधलेले दोन तलाव या दोन टोकांना वेगवेगळ्या कारणांनी आजारी पडतात. जांभ्यात भोकं आणि पोकळ वाटा असतात, आणि त्याखाली बऱ्याचदा पांढरट-गुलाबी मऊ माती लागते, जी पाण्याने भुरुभुरू वाहून जाते. पाया खोदताना खालच्या पक्क्या थरापर्यंत चर नेला नसेल, तर बांध कितीही चांगला असो, पाणी त्याच्या खालून जातं. शिवाय पश्चिमेकडचे तलाव जुलैत भरले की आठवडेच्या आठवडे सांडव्यावरून वाहत राहतात. तिथं सांडव्याच्या खालची वाट तासली जाते, खड्डा मागे मागे सरकत भिंतीच्या पायाशी येतो. पाणी ओसरल्यावर भिंतीच्या खालच्या अंगाला जाऊन बघितलंय का कधी? बहुतेक जण वरूनच बघतात.

काळ्या मातीच्या मुलखात उलटं. एप्रिल-मे महिन्यांत बांधाच्या माथ्याला कमरेइतक्या भेगा पडतात. त्यावर मुरमाचा जाड थर नसेल आणि परतीच्या पावसाने एका रात्रीत तलाव भरला, तर पाणी भेगांपर्यंत चढतं. भेगा फुगून बंद व्हायला वेळ लागतो, पाणी तेवढी वाट बघत नाही. तिथल्या तलावाला भरायची सवय नसते, म्हणून लोकही बेफिकीर असतात.

तुमच्या बांधाची माती पाण्यात विरघळणारी आहे का, याची घरगुती पारख अशी. बांधातली सुपारीएवढी ढेकळं घ्या, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी ग्लासात घ्या, ढेकूळ अलगद सोडा, ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी निवळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती धुरासारखा ढग पसरून तो खाली बसेना, तर त्या मातीचा बांध गळतीला फार वेळ तोंड देणार नाही. विहिरीचं किंवा नळाचं पाणी यासाठी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी उत्तर चुकतं.

झाडांबद्दल थोडक्यात. लहान झुडपं, घाणेरी, कोवळ्या बाभळी दरवर्षी मुळासकट काढाव्यात. पिंपळावर मात्र कुऱ्हाड चालवू नका, आणि हे मी श्रद्धेपोटी म्हणत नाही. मोठं झाड तोडलं की मुळं आत कुजतात आणि काही वर्षांनी बांधात नळ्या तयार होतात. तो काढायचा असेल तर पाणी खाली असताना, मोठी मुळं खणून, खड्डा थरावर थर देऊन दाबून भरावा लागतो. ते अभियंत्याच्या देखरेखीत व्हावं. तोवर तो कुठे आहे ते पाहा: पायथ्याच्या बाहेर, बांधापासून लांब असेल तर घाई नाही, माथ्यावर किंवा पाण्याच्या उतारावर असेल तर आहे. झुडपं काढण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. उतार दिसतो. ओल, भेग, फुगवटा, घुशीची आणि खेकड्यांची बिळं झाडोऱ्याआड वर्षानुवर्षं लपून राहतात. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा तिकडच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि राज्यभर हसू झालं. खेकडा बिळं करतो हे खरं आहे. पण बिळं बुजवायची जबाबदारी खेकड्याची नसते.

भूकंपाचं विचारलं नाहीत, पण कोयनेमुळे आपल्याकडे ती भीती असते म्हणून सांगतो: तीस फुटी, नीट दाबलेल्या मातीच्या बांधाच्या बाबतीत माझ्या यादीत भूकंप बराच खाली आहे.

आता कायदा. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा कमाल पूर सेकंदाला २००० घनमीटर, किंवा पाया विशेष अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा वगैरे बंधनकारक आहे. तीस फूट म्हणजे ९.१ मीटर, तेव्हा तुमचा तलाव बाहेर राहतो असं वाटेल. पण कायद्यातली उंची शेतातून दिसते ती नव्हे. ती पायाच्या सर्वसाधारण सगळ्यात खालच्या पातळीपासून माथ्यापर्यंत मोजतात. नाल्याच्या पात्रातला पाया धरला तर दहा मीटर ओलांडले जाऊ शकतात. तेव्हा माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: बांधाचा मूळ काटछेद, पूर्ण संचय पातळी आणि माथ्याची पातळी, सांडव्याचा संकल्पित विसर्ग, आणि शेवटच्या तपासणीची नोंद. अर्ज कन्नडमध्ये केलात तर टेबलावर लवकर सरकतो. त्यात तलावाला केरे, सांडव्याला कोडी आणि मोरीला तूबु लिहा. कर्नाटकात साधारणपणे ४० हेक्टरपेक्षा जास्त लाभक्षेत्राचे, २००० हेक्टरपर्यंतचे तलाव सण्ण नीरावरी (लघु पाटबंधारे) खात्याकडे असतात आणि त्याखालचे पंचायतराजकडे. आधी मालक कोण ते पक्कं करा, नाहीतर दोन कार्यालयांत चेंडू होतो.

तलाव कायद्याच्या रेषेबाहेर असला तरी त्याचं पाणी रेषा बघून वाहत नाही. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा साठा ५१ टीएमसी (अब्ज घनफूट), तुमचा समजा १० लाख घनमीटर, म्हणजे चौदाशेवा भाग. पण हिडकलला माणसं आहेत, यंत्रं आहेत, बिनतारी आहे. तुमच्याकडे एक चावीवाला, तोही असला तर. १० मीटर उंचीचा आणि १० लाख घनमीटरचा बांध फुटला तर नेहमीच्या सूत्रांनी कमाल लोंढा सेकंदाला पाच-सहाशे घनमीटर येतो, म्हणजे वीस हजार क्युसेकच्या आसपास, आणि तोही एका नाल्यात. तासाभरात तलाव रिकामा.

म्हणून गावात चार खुणा सगळ्यांना ठाऊक असाव्यात: गळती अचानक वाढून गढूळ होणं, पाण्याच्या बाजूला भोवरा दिसणं, माथ्यावर खड्डा पडणं किंवा लांबट भेग, कोरड्या उताराला फुगवटा येणं. यातलं एक जरी दिसलं तर आधी खालची घरं उठवायची, मग ११२ ला, तहसीलदारांना आणि खात्याला फोन. मोरी पूर्ण उघडायची, पण नळीशेजारीच गढूळ पाणी येत असेल तर चावीला हात लावायच्या आधी अभियंत्याला फोनवर विचारा. एरवी तलाव उतरवताना दिवसाला फूटभरापेक्षा जास्त घाई करू नये, पाण्याच्या बाजूचा उतार घसरतो. संकटात हा नियम बाजूला. पायथ्याला उकळी फुटली, म्हणजे जमिनीतून पाणी वाळूसकट उसळायला लागलं, तर तिच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत थोडं पाणी चढू द्यायचं. पोती वापरायची योग्य जागा ही.

राहिलं भावाचं घर. तलाव उत्तम स्थितीत असता तरी मी नाल्याकाठी हो म्हटलं नसतं, कारण सांडव्याचं पाणी त्याच नाल्याने जातं, आणि सांडवा पूर्ण चालला तर नाल्याला ते मावेलच असं नाही. तुकडा एकच असेल तर त्याचा वरचा कोपरा बघा. नाल्याच्या तळापासून तो किती वर आहे, लेव्हल नळीनेच मोजा. गावातल्या म्हाताऱ्यांना ऑगस्ट २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला सांगा. ती खूण पावसाची आहे, फुटीची नाही, म्हणून तिच्यापेक्षा बरंच वर जायला हवं. किती वर, हे नाल्याची रुंदी आणि उतार बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. तलावापासून तुकड्यापर्यंतच्या नाल्याचे तीन-चार आडवे छेद काढून पाठवा: रुंदी, खोली, दोन्ही काठांची उंची. वाटेत रस्त्याची मोरी किंवा पूल असेल तर त्याचंही माप घ्या, तिथं पाणी तुंबून मागे फुगतं. तोवर पायाची आखणी करू नका.